गरीब वस्तीतल्या सिस्टर्स आणि नाताळ : आगमनकाळाच्या कामाचं नियोजन, मापं आणि नेहमीच्या चुका

शमादान

नाताळात सिस्टर्स काय वाटतात हे सगळे विचारतात. काम सुरू कधी होतं, आधी कोणाच्या दारात जायचं आणि २६ डिसेंबरला कपाटात काय उरायला हवं, हे कोणी विचारत नाही. या तीन प्रश्नांवर बोलण्यासाठी हा धागा. वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर्सना हातभार लावणारे स्वयंसेवक, धर्मग्रामाच्या (एका चर्चच्या स्थानिक विभागाच्या) समित्या आणि नव्याने या कामात आलेल्या सिस्टर्स यांना थेट वापरता येईल असंच लिहू या.

आधी एक शब्द स्पष्ट करते. नन आणि सिस्टर हे बोलताना एकच समजतात, पण नन म्हणजे मठाच्या आवारात राहून प्रार्थनेला वाहून घेतलेली, आणि वस्तीत, दवाखान्यात जाणारी ती सिस्टर. हा फरक सहज पडलेला नाही. सतराव्या शतकात व्रत घेतलेल्या बाईने मठाबाहेर पडायचं नाही असाच दंडक होता. फ्रेंच धर्मगुरू व्हिन्सेंट दी पॉल आणि त्यांच्या सहकारी लुईज द मारियाक यांनी २९ नोव्हेंबर १६३३ रोजी पॅरिसमध्ये डॉटर्स ऑफ चॅरिटी या सिस्टर्सच्या संस्थेची सुरुवात केली, ती या दंडकाला वळसा घालून. आजाऱ्यांची घरं हाच मठ, भाड्याची खोली हीच कोठडी, शहरातले रस्ते हेच आवार, असं व्हिन्सेंट सिस्टर्सना सांगत. त्या वर्षी आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबरला होता, म्हणजे ही सुरुवातच आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यातली.

आता वेळापत्रक. आगमनकाळ चार रविवारांचा असला तरी चार पूर्ण आठवड्यांचा नसतो. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो, त्यामुळे एकूण दिवस २२ ते २८ असतात. चौथा आठवडा कधी पूर्ण सात दिवसांचा, तर कधी एका दिवसाचा. २०२३ मध्ये २४ डिसेंबरलाच चौथा रविवार होता, आणि २०२८ मध्ये पुन्हा तसंच आहे. "वाटप चौथ्या आठवड्यात" असं ठरवून मोकळं झालेल्यांची अशा वर्षी फजिती होते. म्हणून रविवार मोजू नका, तारखा धरा.

चालणारा क्रम असा. गरिबांचा जागतिक दिन (२०१७ पासून चर्चच्या वर्षातल्या सामान्य काळाच्या, म्हणजे मोठ्या सणांबाहेरच्या आठवड्यांच्या, तेहतिसाव्या रविवारी असतो, म्हणजे आगमनकाळाच्या बरोबर दोन आठवडे आधी) हा गृहभेटींचा पहिला दिवस. २०२६ मध्ये तो १५ नोव्हेंबरला आहे आणि आगमनकाळ २९ नोव्हेंबरला सुरू होतो. या दोन आठवड्यांत भेटी पूर्ण. आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात यादी पक्की करून बंद, दुसऱ्यात खरेदी, १४ ते १७ डिसेंबर बांधाबांध, १८ ते २१ वाटप. २२ आणि २३ हे दोन दिवस मुद्दाम रिकामे ठेवायचे. यादीबाहेरचं घर, आलेलं आजारपण, न पोचलेली पिशवी, सगळं त्या दोन दिवसांतच उपटतं.

कोनाडा

उत्तम धागा. गृहभेटींबद्दल जरा सविस्तर लिहाल का? दोघी जातात, बोलतात, परत येतात, एवढंच बाहेरून दिसतं. वहीत नेमकं काय टिपायचं?

शमादान

@कोनाडा, सगळ्या कामाचं मूळ त्या वहीत आहे, म्हणून जरा लांबण लावते.

भेटीला नेहमी दोघींनी जायचं. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, आणि घरात असताना वही उघडायची नाही. बाहेर पडल्यावर पुढच्या वळणावर थांबून लगेच लिहायचं. तीन घरं झाल्यावर लिहिलं तर मुलांची वयं एकमेकांत मिसळतात.

टिपायच्या गोष्टी : एका चुलीवर जेवणारी माणसं किती (एका छताखाली किती हे नव्हे, एका छताखाली दोन चुली असू शकतात), पाच वर्षांखालची मुलं आणि त्यांची वयं, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, अंथरुणाला खिळलेलं कोणी, रोजची औषधं, आणि यंदा घरात झालेला मृत्यू.

याहून महत्त्वाचा आणि हमखास राहून जाणारा प्रश्न म्हणजे शिजवायला काय आहे. इंधन कोणतं, किती दिवसांचं, भांडं केवढं, पाणी कुठून येतं. ज्या घरात एक छोटी शेगडी आणि चार दिवसांचं इंधन आहे, तिथे दोन तास शिजणारं कडधान्य दिलं तर ते तसंच पडून राहतं किंवा विकलं जातं. दोष त्या घराचा नसतो, न विचारणाऱ्यांचा असतो. राजम्याची तर वेगळीच जोखीम. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी ओतून देऊन, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो. इंधन वाचवायला मंद आचेवर अर्धाकच्चा ठेवला तर त्यातलं विषारी प्रथिन तसंच राहतं आणि घरभर उलट्या सुरू होतात. अशा घरांना लवकर शिजणारी सालीविना डाळच द्यावी.

मृत्यूची नोंद का, असं कोणी विचारेल. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी चर्चमध्ये वर्षभरातल्या मृतांची नावं वाचली जातात. ती यादी जपून ठेवावी. गृहभेटींची पहिली घरं त्यातूनच निघतात. ज्या घरात यंदा एक ताट कमी आहे, तिथे पिशवीआधी माणूस जायला हवा, आणि तिथे घाईने बोलू नये.

रोजकीर्द

वही जितकी महत्त्वाची तितकंच आवाहनाचं पत्रक. नाताळच्या मदतीतली सर्वात मोठी चूक पत्रकाच्या एका ओळीत होते, म्हणून ती आधी सांगतो.

देणग्या डिसेंबरात येतात आणि जानेवारीत आटतात. भूक मात्र तशी हंगामी नसते. तेव्हा आलेल्यातला काही भाग मागे ठेवायलाच हवा. पण पत्रकावर "नाताळच्या वाटपासाठी मदत करा" असं छापलं असेल तर ती रक्कम जानेवारीत वापरता येत नाही. चर्चच्या कायदेसंहितेचा १२६७वा नियम, तिसरं कलम, स्वच्छ सांगतो की श्रद्धावंतांनी ज्या हेतूसाठी दिलं त्याच हेतूसाठी ते वापरावं. हेतू बदलणं सुपिरिअरच्या (सिस्टर्सच्या प्रमुखाच्या) हातातही नाही.

उपाय सोपा आहे. पत्रकावर लिहा : "आगमनकाळापासून राखेच्या बुधवारपर्यंत वस्तीतल्या कुटुंबांच्या मदतीसाठी." राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. २०२६ चा हिशेब धरला तर २९ नोव्हेंबर २०२६ ते १० फेब्रुवारी २०२७. मग त्याच पैशातून पिशवी, जानेवारीतलं औषध आणि शाळेची फी, तिन्ही विनासायास होतं. त्यातला तिसरा हिस्सा २६ डिसेंबरनंतरसाठी वेगळ्या खात्यात किंवा निदान वेगळ्या पाकिटात काढून ठेवावा. हिस्सा किती हे आपापल्या वस्तीप्रमाणे ठरेल, पण तो आधीच काढायचा. उरलं तर ठेवू म्हणणाऱ्यांचं कधीच उरत नाही.

वस्तूंच्या देणगीलाही हेच लागू. "ही खेळणी मुलांना" म्हणून दिलेली खेळणी विकून धान्य घेता येत नाही. स्वीकारतानाच विचारा : "गरजेप्रमाणे वापरलं तर चालेल ना?" हो म्हणाले की पावतीवर तसं लिहा. आणि जानेवारीत जमाखर्च चर्चच्या फलकावर लावा. १२८७वा नियम श्रद्धावंतांना हिशेब द्यायला सांगतोच, शिवाय पुढच्या वर्षी लोक विश्वासाने देतात ते त्या कागदामुळे.

तागडी

पिशवीचं माप लिहितो.

आणीबाणीच्या मदतीत माणशी रोजचे २१०० किलोकॅलरी हा ढोबळ आधार धरतात. कोरड्या शिध्यात साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मीठ धरलं की १९०० च्या आसपास जातं. उरलेलं भाजी, दूध, अंडी यांतून यायला हवं, म्हणून शक्य तिथे पिशवीसोबत ताज्या जिन्नसांची वेगळी सोय ठेवावी.

पाच जणांचं कुटुंब, सात दिवस, म्हणजे ३५ माणूस-दिवस. धान्य १४ किलो, डाळ २.१ किलो, तेल ८७५ ग्रॅम, साखर ५२५ ग्रॅम, मीठ १७५ ग्रॅम. बाजारातल्या पुड्यांत बसवायचं तर १४ किलो धान्य, २ किलो डाळ, १ लिटर तेल (वजनाला साधारण ९२० ग्रॅम, लिटर म्हणजे किलो नव्हे), अर्धा किलो साखर आणि अर्ध्या किलोची आयोडीनयुक्त मिठाची पुडी. बेरीज जवळजवळ १८ किलो.

आणि इथे गाडी अडते. १८ किलोची एक पिशवी म्हातारी बाई उचलू शकत नाही. ती दारापर्यंत ओढत नेते, तळ फाटतो आणि धान्य रस्त्यावर सांडतं. म्हणून दोन पिशव्या करा. पहिलीत ७ किलो धान्य आणि २ किलो डाळ, बरोबर ९ किलो. दुसरीत ७ किलो धान्य, तेल, साखर आणि मीठ, ८.९ किलो. दोन्ही हातांना सारखं ओझं. दोन्ही पिशव्यांवर एकच क्रमांक, १४अ आणि १४ब असा.

बांधताना रांगेत प्रत्येकाने एकच जिन्नस घालायचा. शेवटच्या माणसापुढे वजनकाटा. तेल विसरलं तर ब पिशवी ८ किलोवर दिसते, डाळ विसरली तर अ पिशवी ७ वर. साखर आणि मीठ यांचं वजन मात्र सारखंच, त्यामुळे एका पिशवीत साखरेच्या दोन पुड्या आणि मीठच नाही, असं झालं तर काट्याला कळत नाही. साखर-मिठाची जोडी आदल्या दिवशीच एकत्र बांधून ठेवावी.

साबण याच पिशवीत घालू नका. दोन दिवसांत पिठाला आणि साखरेला साबणाचा वास लागतो, मग मुलं खात नाहीत. साबण, दात घासायचं सामान आणि महिलांसाठी पॅड ही वेगळी छोटी थैली. तेलाची बाटली उभी राहील अशीच ठेवा आणि झाकणावर चिकटपट्टी लावा.

देणगीत आलेले डबे तपासताना फुगलेला, गळणारा किंवा शिवणीवर चेपलेला डबा थेट बाहेर. मुदत महिन्याभराच्या आत संपत असेल तर घरी देऊ नये, आपल्या स्वयंपाकघरात त्याच आठवड्यात वापरावा.

कोनाडा

जोडी आधी बांधायची युक्ती फार उपयोगी. लहान बाळाच्या घरी दुधाची पावडर द्यावी का? देणगीत हमखास येते.

दिवसपाळी

@कोनाडा, नाही. सरसकट वाटपात बाळाच्या दुधाची पावडर आणि बाटल्या कधीच नकोत. फुकट डबा आला की आई अंगावर पाजणं कमी करते, दूध आटतं, डबा पंधरवड्यात संपतो आणि पुढचा घ्यायला पैसे नसतात. मग तीच पावडर पातळ करून, मिळेल त्या पाण्यात कालवली जाते आणि बाळाला जुलाब लागतात. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांबाबत जागतिक आरोग्य संघटनेची संहिता १९८१ पासून आहे, ती याच अनुभवातून आली. ज्या बाळाला खरोखरच पावडरीची गरज आहे, त्याला ती आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने, लागेल तितके महिने सलग मिळायला हवी. पाजणाऱ्या आईला जास्तीचं अन्न द्या, तेच बाळाला मिळतं.

आता औषधं. सुट्ट्यांमध्ये दवाखाने बंद असतात आणि गोळ्या नेमक्या तेव्हाच संपतात. क्षयरोग, एचआयव्ही, मधुमेह, रक्तदाब, फिट्स आणि दमा अशा सहा रकान्यांची यादी १५ डिसेंबरच्या आत करा. प्रत्येकाकडे दवाखाना पुन्हा उघडेल त्या दिवसापर्यंत पुरतील आणि वर तीन दिवसांच्या गोळ्या असल्या पाहिजेत. क्षयरोगाचे डोस मधेच तुटले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि फिट्सची गोळी अचानक थांबली तर त्याच दिवशी झटका येऊ शकतो. मोजताना विचारू नका, पाकीट हातात घेऊन गोळ्या मोजा. "आहेत आहेत" असं लोक भिडेपोटी म्हणतात. इन्सुलिनची न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत हवी आणि ती गोठता कामा नये. उघडलेली कुपी नेहमीच्या तापमानाला साधारण ४ आठवडे चालते, म्हणून उघडल्याची तारीख कुपीवर लिहा.

आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर (उपासनेत पवित्र केलेली भाकर) नेण्याबद्दल तीन गोष्टी.

एक : पापनिवेदन (पापांची कबुली ऐकून क्षमा) आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा विधी) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात, सिस्टर नाही. फादरांची फेरी तिसऱ्या आठवड्यात लावून घ्या. २४ तारखेला फादरांना चार मिस्सांची (चर्चमधल्या मुख्य उपासनांची) तयारी असते, तेव्हा त्यांना घरोघरी फिरवणं सगळ्यांवर अन्याय आहे. ख्रिस्तशरीर मात्र नेमणूक झालेली सिस्टर नेऊ शकते.

दोन : ख्रिस्तशरीर घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासाची अट आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना नाही (नियम ९१९). हे घरच्यांना मुद्दाम सांगा. रात्रभर जागलेली सून सकाळी चहा घेतला म्हणून मागे सरकते, तिला पुढे बोलवा. पक्षाघाताच्या रुग्णाला आधी सरळ बसवा, अगदी छोटा तुकडा द्या आणि लगेच चमचाभर पाणी पाजा. ज्याला पाणीसुद्धा दाट करून देतात त्याच्याबाबत आधी नर्सला विचारा.

तीन : घरात ऑक्सिजन चालू असेल तर मेणबत्ती लावायची नाही. बाजूला ठेवून लावणं, यंत्र क्षणभर बंद करून लावणं, दोन्ही नको. ऑक्सिजन उशी-पांघरुणात मुरलेला असतो, यंत्र बंद केलं तरी कापड काही वेळ भडकू शकतं. पांढरा कपडा आणि क्रूस पुरेसे आहेत.

घडीव

मुलांच्या भेटवस्तूंबद्दल मतभेद नोंदवतो. अनेक ठिकाणी मुलांना रांगेत उभं करून एकेक खोकं हातात देतात. त्याऐवजी खेळणी टेबलांवर मांडावीत, आईबापांना आत बोलवावं, त्यांनी निवडावं आणि घरी जाऊन स्वतः द्यावं. आपल्या बापाने आणलं असं मुलाला वाटणं ही त्या खेळण्याइतकीच मोठी भेट आहे.

शमादान

@घडीव, तत्त्व पूर्ण मान्य. अडचण इतकीच की दिवसाची मजुरी बुडवून निवडायला येणं सगळ्यांना जमत नाही, आणि ज्यांना कोणी नाही ती मुलं मागे राहतात. तेव्हा मांडणी संध्याकाळी कामावरून सुटायच्या वेळेनंतर दोन दिवस ठेवावी, आणि आजीकडे किंवा मोठ्या भावाकडे वाढणाऱ्या मुलांसाठी त्याच माणसाला टोकन द्यावं. दर कुटुंबाला ठरलेली वेळ, एका वेळी आत दहा माणसं. फोटो अजिबात नाहीत. देणगीदाराला पुरावा हवा असेल तर रिकाम्या टेबलांचा आणि बांधलेल्या पिशव्यांचा फोटो द्या, घेणाऱ्या हातांचा नको.

घडीव

हे पटलं. मांडणीआधीची छाननी लिहितो. तीन वर्षांखालच्यांच्या टेबलावर छोटे सुटे भाग असलेलं काही नको. सुटे भाग ज्यात घालून तपासतात त्या चाचणीच्या नळकांड्याचा व्यास ३.१७ सेंटिमीटर असतो, त्यात पूर्ण मावेल ते धोक्याचं. ते नसेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाईल ते सगळं धोक्याचं समजा. बटन बॅटरीचं खेळणं असेल तर झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा. नुसतं ढकलून उघडत असेल तर ते बाजूला काढा. गाणारी नाताळकार्डं आणि लुकलुकणाऱ्या टोप्या यांत हीच बॅटरी असते आणि ती कागदाच्या एका थराआड असते. गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी काढत बसू नका, थेट इस्पितळ गाठा. खाऊतले अख्खे दाणे आणि कडक गोळ्या पाच वर्षांखालच्यांना नकोत.

कोनाडा

+१. आणखी एक प्रश्न आहे, थोडा नाजूक. वस्तीत सगळ्या धर्मांची माणसं असतात. वाटपाआधी प्रार्थना घ्यावी का?

शमादान

वाटपाला प्रार्थनेची अट कधीही नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी प्रेमसेवेवर जे परिपत्र लिहिलं, त्यावर तारीखच २५ डिसेंबर २००५ आहे. त्यात स्पष्ट आहे की सेवा ही माणसं धर्मात ओढण्याचं साधन होऊ नये, प्रेम फुकट द्यायचं असतं. प्रत्यक्षात याचा अर्थ असा : प्रार्थना आणि वाटप यांच्या वेळा आणि जागा वेगळ्या. चर्चच्या दारातून आत जाऊनच पिशवी मिळते अशी मांडणीसुद्धा नको, कारण न बोलता ती अट होते. टोकनावर धर्माचा रकाना नको, आणि नाव मोठ्याने पुकारू नका, क्रमांक पुकारा. कोणी आपणहून "आमच्यासाठी प्रार्थना करा" म्हणालं तर तिथेच थांबून करावी.

मोठं पातेलं

नाताळच्या सामूहिक जेवणावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे चूक झाली तर शंभर माणसं एकदम आजारी पडतात.

धोका ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात असतो. शिजवलेलं अन्न एकतर ६० च्या वर गरम ठेवायचं, नाहीतर झटपट ५ च्या खाली आणायचं. थंड करताना पहिल्या दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ पर्यंत. मोठ्या पातेल्यात हे जमतच नाही. चाळीस सेंटिमीटर खोल रश्शाचा मधला भाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो, आणि मांसाच्या रश्शात वाढणाऱ्या जंतूंना तेच हवं असतं. पसरट ताटांत पाच-सात सेंटिमीटर जाडीचा थर करा, झाकण उघडं ठेवून निववा, मग झाका. भातातल्या एका जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून "चांगला आहे की" म्हणून वाढला जातो.

त्यातून सोपा नियम : २४ ला शिजवून २५ ला वाढू नका. निवडणं, चिरणं, भिजवणं २४ ला, शिजवणं २५ च्या सकाळी, आणि एका मोठ्या घाण्याऐवजी दोन घाणे, तासाभराच्या अंतराने. काटा असलेला तापमापक पातेल्याच्या मध्यात खुपसून बघा, कडेला नव्हे. पुन्हा गरम करायचं असेल तर मध्यात ७४ अंश.

उरलेलं डब्यात भरून घरी द्यायचा मोह सर्वांना होतो. चार तास टेबलावर राहिलेलं अन्न संध्याकाळी घरी पोचतं आणि रात्री खाल्लं जातं. द्यायचंच तर वाढायच्या आधी, गरम असतानाच वेगळं काढून, "लगेच खा" असं सांगून द्या. बोटाला कापलेलं किंवा गळू असलेल्याने वाढायला उभं राहू नये, हातमोजा घालूनही नको. महिनोन्‌महिने अर्धपोटी असलेल्यांच्या ताटात तेलकट, गोड एकदम जास्त नको. थोडं वाढा आणि पुन्हा विचारा.

कंदील

सिस्टर्सच्या स्वतःच्या प्रार्थनेचं काय, हेही इथे यायला हवं. बाहेरच्यांना वाटतं की कामाच्या धबडग्यात ती मागे पडते. खरं तर कामाची दिशा तिथून येते. रोजच्या सायंप्रार्थनेत मरियेचं स्तोत्र असतं, आणि त्यात भुकेल्यांना उत्तम गोष्टींनी तृप्त केल्याची ओळ आहे. १७ ते २३ डिसेंबर या सात संध्याकाळी त्या स्तोत्राआधी सात प्राचीन हाका असतात : हे ज्ञाना, हे प्रभो, हे इशायच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयसूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएल. लॅटिनमधली त्यांची आद्याक्षरं उलट्या क्रमाने वाचली की "एरो क्रास" होतं, म्हणजे "उद्या मी तिथे असेन". नेमकं याच सात दिवसांत वाटप असतं. विसाव्या तारखेची किल्लीची हाक म्हणून उठायचं आणि बंद दारं ठोठवायला निघायचं.

प्रार्थनेच्या वेळी दारात आजारी माणूस आला तर? व्हिन्सेंटांचं उत्तर ठरलेलं होतं : प्रार्थना सोडून गरिबाकडे जाणं म्हणजे देवाला सोडून देवाकडेच जाणं. पण हे एकीने उठायचं असतं, सगळ्यांनी नव्हे. दारासाठी रोज एकीची पाळी लावा, म्हणजे बाकीच्यांचा जीव दाराकडे लागत नाही. २४ च्या रात्री स्वयंपाकघरात असलेलीला २५ च्या सकाळी रुग्णफेरी देऊ नका. २७ किंवा २८ ला घराचं दार अर्धा दिवस तरी बंद राहील असं सुपिरिअरने आधीच जाहीर करावं. थकलेली सिस्टर गरिबांवर खेकसते, आणि ते त्यांच्या लक्षात राहतं.

घडीव

गोठा आणि मेणबत्त्यांबद्दल थोडक्यात. फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला येशूजन्माचा जो देखावा केला त्यात गव्हाण, गवत, बैल आणि गाढव एवढंच होतं. तेव्हा वस्तीतल्या गोठ्यावर खर्च नको. गव्हाण रिकामी ठेवा, मुलांनी दर सत्कृत्यामागे एक काडी टाकावी, बाळ २४ च्या रात्री येईल. चार मेणबत्त्यांच्या हिरव्या कड्याची गोष्टही गरीब मुलांपासूनच सुरू होते. हॅम्बुर्गमधल्या निराधार मुलांच्या एका घरात योहान विखर्न या प्रॉटेस्टंट पाळकाने १८३९ मध्ये त्याचं पहिलं रूप मांडलं, लाकडी चाकावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या छोट्या मेणबत्त्या लावून. आज तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी असते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाला वाळून कोरडाठक झालेला असतो, म्हणून पाला दर शनिवारी बदला, खाली मातीची किंवा धातूची ताटली ठेवा, आणि मेणबत्ती पाल्यापासून चार बोटं उरली की बदला.

कंदील

१८३९ वरून आठवलं, त्याच वर्षीच्या थंडीत फ्रान्समधल्या सें-सेर्व्हांमध्ये जान ज्युगां यांनी एका आंधळ्या वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःचं अंथरूण दिलं. लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर तिथून सुरू झाल्या. वृद्धांसाठी दारोदार झोळी फिरवणं हे त्यांनी स्वतः केलं.

कोनाडा

शेवटचा प्रश्न. २४-२५ ला स्वयंसेवकांची रीघ लागते, जानेवारीत एकही नसतो. यावर काय करावं?

रोजकीर्द

नोंदणीच्या कागदावर दोन रकाने छापा. पहिला डिसेंबरची तारीख, दुसरा १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी यातली तारीख. दुसरा रकाना भरल्याशिवाय नोंदणी पूर्ण नाही, असं आधीच सांगा. काही जण कागद ठेवून निघून जातील, चालेल. जे भरतील त्यांना जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन करून आठवण द्या, २५ ला मंडपात नुसतं सांगून उपयोग नाही. आणि २५ ला गर्दी झालीच तर त्यांतल्या निम्म्यांना भांडी आणि झाडलोट द्या, वाढायला मोजके पुरे. मुलांसोबत कोणीही एकटं नको, नेहमी दोन मोठी माणसं आणि उघडं दार.

शमादान

आणि त्या जानेवारीच्या तारखांना काम काय, तेही सांगते. नोव्हेंबरची वही पुन्हा उघडायची. ज्या घरी मृत्यू झाला होता, ज्या घरी गोळ्या मोजल्या होत्या, ज्या घरी इंधन चार दिवसांचं होतं, अशा तीन खुणांची घरं आधी. रोजकीर्द म्हणाले त्या वेगळ्या पाकिटातून तिथे आता जे लागेल ते, मग ते इंधन असेल, चष्मा असेल किंवा फक्त एक गृहभेट. २ फेब्रुवारीला प्रभूच्या समर्पणाचा सण आणि व्रतस्थांचा जागतिक दिन असतो. त्याच्या आत दुसरी फेरी पूर्ण व्हावी. या वेळीही दोघींनी जायचं, आणि वही बाहेर पडल्यावरच उघडायची.